ज्या चालीवर माझा परण्या निघाला

जगातल्या झाडून सगळ्या संगीतकारांवर मी कधी ना कधी चिडलेलो आहे. पण ज्याच्यामुळे माझी नवीकोरी बायको माहेरी अडकून बसली, असा संगीतकार एकच. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. तो फार मोठा माणूस होता म्हणून नव्हे. त्याचं नाव तोंडात आलं की मला उचकी लागते, आणि सोमवारी लागलेली उचकी गुरुवारच्या बाजारापर्यंत थांबत नाही.

मुळात माझा कान वेगळा. वरवट बकालात आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता आणि तो ऐकायला अर्धं गाव ओसरीत बसायचं. बाकीचे गाणं ऐकत. मी गाण्याच्या मधलं ऐकायचो. शब्द संपले आणि वाद्यं मोकळी सुटली, की मला बरं वाटायचं. गाण्यातले शब्द म्हणजे बाजारात आपण घाईत असताना हात धरून घरादाराची खुशाली विचारणारा माणूस. तो गेला की मग बाजार दिसतो. तंबूत सिनेमा लागला की लोक नट-नटी पाहायचे आणि मी डोळे मिटून पडद्यामागून येणारं वाजवणं ऐकायचो. शेजारचा म्हणायचा, झोपाचं होतं तं घरीच झोपाचं, तिकीट काऊन फाडलं? त्याला काय सांगणार.

लढाईच्या दिवसांत ग्रामोफोनच्या पिना मिळेनाशा झाल्या, तेव्हा मी बाभळीच्या काट्यावर तबकड्या वाजवल्या आहेत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. काट्यावर सारंगी अशी वाजायची की आमची म्हैस पान्हा सोडायची. एकदा तर दूध काढायला माणूसच बसला नव्हता, तरी बादली भरली.

एवढ्या अभ्यासानंतर माझी मतं पक्की झाली होती, आणि ती आजही तशीच आहेत. कलकत्त्याकडचा एक संगीतकार होता, तो सदा रडायचा. पडद्यावर बाई तांदूळ निवडते आहे, तरी याची सारंगी गळा काढते. अरे, तांदळात खडे निघाले असतील, त्यात इतकं काय? त्याची तबकडी लावण्याआधी मी फडक्याने पुसून घ्यायचो, इतकी ती ओली असायची. दुसरा लाहोरकडचा ढोलकवाला. त्याला ढोलकीशिवाय काही सुचतच नसे. नायक आला, ढोलकी. पोलीस आले, ढोलकी. नायिकेला विषमज्वर झाला, तरी हा खाटेखाली ढोलकी घेऊन बसलेला. आणि मुंबईचे यच्चयावत लोक, ज्यांना खेडं दिसलं की बासरी आठवते, त्यांना तर मी ओळीने उभं करून विचारणार होतो की बाबांनो, तुम्ही खेडं कुठे पाहिलं? आमच्या गावात मी जन्मात बासरी ऐकली नाही. मी ऐकला तो जिनिंगचा भोंगा, पिठाच्या गिरणीची फटफट आणि पहाटे थुंकणारे शेजारी. तेवढं वाजवून दाखवा, मग तुम्हाला संगीतकार म्हणतो.

या सगळ्यांत माझा माणूस एकच होता. तोच, ज्याचं नाव घेणार नाही तो. त्याला थांबणं कळायचं. दोन सुरांच्या मध्ये तो अशी जागा सोडायचा की आपण आत जाऊन बसावं. त्याच्यासाठी मी गावातल्या निम्म्या लोकांशी बोलणं टाकलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी माझ्याशी.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा अन्याय कळणार नाही. तेव्हा आम्ही सीपी-वऱ्हाडचे, म्हणजे मुंबई प्रांताबाहेरचे, आणि मुंबईहून निघालेला सिनेमा नागपूर, अकोला असा मुक्काम करत, जागोजागी तुटून जोडला जात, आमच्या तालुक्यात यायचा तोवर त्यातली नटी दोन लेकरांची आई झालेली असायची. तबकडी मात्र खामगावच्या दुकानात लगेच यायची. म्हणजे सिनेमा आधी ऐकायचा आणि वर्ष-दोन वर्षांनी पाहायचा. मधल्या काळात आम्ही तो मनाने बनवून घ्यायचो. न्हाव्याच्या ओट्यावर या गाण्यात नायिका विहिरीवर आहे की झोक्यावर, यावर मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी तंबू आला आणि गोष्ट वेगळीच निघाली, की लोक सिनेमावाल्यावर चिडायचे, म्हणायचे यानं गोष्ट बदलली.

तर माझ्या माणसाची एक तबकडी आली. पुढच्या बाजूला गाणं, ते सगळ्यांनी घासून पांढरं केलं. मागच्या बाजूला शब्दच नव्हते, नुसतं सिनेमातलं वाजवलेलं. ती बाजू वरवटात फक्त माझी. खाली डफड्याचा ठेका, वर सनई, आणि चाल अशी ठुमकत निघालेली की पाय आपोआप उचलावा. पुढे एका ठिकाणी सगळं थांबायचं. नुसतं डफडं हळू बोलायचं आणि मग लांबून एक क्लॅरिनेट यायचं, कोणी मागे वळून पाहावं तसं. पुन्हा सनई उचलायची आणि वरात पुढे.

वरात, असं मी तेव्हाच ठरवलं. दुसरं काय असणार? मला सगळं दिसलंच. पांढरा घोडा, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि वळणावर घोडं थांबवून तो दारात उभ्या आईकडे मागे वळून पाहतो. मी हे इतक्यांदा आणि इतक्या तपशिलात सांगितलं की लोक मला विचारू लागले, तू कधी पाहून आला बे हा सिनेमा? मी नाही म्हणायचो नाही. हो पण म्हणायचो नाही.

माझं लग्न ठरलं ते जळगाव जामोदच्या मुलीशी. देण्याघेण्यावर आमच्या घरचे बोलले, मी बोललो फक्त परण्याच्या, म्हणजे मांडवाकडे निघालेल्या नवरदेवाच्या मिरवणुकीच्या, बँडवर. म्हटलं, परण्या निघेल तर याच चालीवर, नाहीतर मी पायी येतो आणि मागच्या दाराने मांडवात शिरतो. खामगावच्या बँडमास्तरांकडे मी स्वतः बैलगाडीत ग्रामोफोन घालून नेला. मोठा दिलदार मुसलमान माणूस, मिशीला पीळ, कोटाला पितळी गुंड्या. त्याने तबकडी ऐकली आणि विचारलं, "भाऊ, ये पिक्चर में बजता कब है?" मी त्याला घोड्यासकट सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फिर तो घोडा नाचेगा."

आणि नाचला. वैशाखाचं ऊन, जळगावचा भर बाजार आणि माझा परण्या. मी आजपर्यंत पुष्कळ बँड ऐकले. त्या दिवसासारखा कोणी वाजवला नाही. व्यापाऱ्यांनी मापं खाली ठेवली. बाजारातले बैल ठेक्यात मान हलवू लागले. सातपुड्यातून दोन अस्वलं नाल्यापर्यंत उतरून आली होती असं नंतर एका गुराख्याने सांगितलं, आणि तो माणूस दारू पीत नव्हता. ती थांबण्याची जागा आली तेव्हा मी घोडं थांबवायला लावलं, सगळी मिरवणूक थांबली, नुसतं डफडं वाजत राहिलं आणि मी मागे वळून आईकडे पाहिलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खुद्द माझे सासरे, जे तोवर पाहुण्यांच्या चहावर नजर ठेवून होते, ते पुढे आले आणि बँडमास्तरला म्हणाले, पुन्हा वाजवा. वाजवून झालं तर म्हणाले, अजून एकदा.

हे लक्षात ठेवा. कारण दिवाळीनंतर हे गृहस्थ साफ विसरले.

दिवाळीला बायको माहेरी गेली. आठ दिवसांत येणार होती. मी गाडी पाठवायची तयारी करत होतो तेवढ्यात जळगावला सरकी विकून आलेला आमचा शेजारी ओटीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला की तिकडे तंबू लागला आहे, तुझ्या त्या तबकडीचाच सिनेमा आहे, तुझ्या सासरचं अख्खं घर पाहून आलं, आणि सासऱ्यांनी निरोप दिला आहे की मुलगी पाठवणार नाही. मी म्हटलं काऊन? तर तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुह्या परण्याले वाजवली ना, ती तिरडीची चाल हाय."

मी त्याला घराबाहेर काढलं. नंतर त्याचा तांब्या आत राहिला म्हणून परत घेतलं आणि पुन्हा काढलं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला पोचलो तो सासऱ्यांशी भांडायलाच. सासरे ओसरीवर अडकित्ता घेऊन बसले होते. जावई आला म्हणून पाट आला, पाणी आलं, चिवडा आला; बायको आली नाही. ती आतल्या खोलीत असल्याचं बांगड्यांवरून कळत होतं. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता लग्नापासून घडलेलं सगळं मोजून दाखवलं. त्यांची गाय आटली. पोळ्याला आमचा एक बैल लंगडला. त्यांच्या भावाची दाढ पडली. चुलत साडूच्या सुनेला तिसरी मुलगी झाली. या सगळ्याला ती चाल कारण. मी म्हटलं, मामाजी, तुमच्या भावाचं वय काय, त्या दाढेने त्यांच्यासोबत अजून किती दिवस काढायचे होते? ते म्हणाले, ते सारं राहू द्या, खरी गोष्ट पुढंच हाय.

आणि अडकित्ता खाली ठेवून ते बोलले, "जवाईबापू, सिनेमात ते जथी थांबते ना, तो इसावा हाय. तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात. अन् तुम्ही तथी घोडं थांबवून मांगं पाह्यलं. इसाव्यावर मांगं पाह्यते कोनी?"

खरं सांगतो, मी घाबरलो. आमच्याकडे प्रेत नेताना अर्ध्या वाटेवर विसावा देतात, तिथून निघाल्यावर कोणी वळून पाहत नाही. शेंबडं पोर पाहत नाही. आणि मी चांगला भर बाजारात, मुंडावळ्या बाजूला सारून, मान लांब करून पाहिलं होतं. पण घाबरलो असं दाखवलं असतं तर संपलंच. मी दुप्पट आवाज चढवला. म्हटलं, तुम्हीच दोनदा वाजवायला लावली! ते म्हणाले, म्हनूनच मले जास्त भेव वाटते.

मग त्यांनी अट सांगितली. परण्या पुन्हा काढायचा. तसाच घोडा, तसाच बाजाराचा दिवस, फक्त चाल दुसरी. आणि ती चाल त्यांनी निवडून ठेवली होती. त्या लाहोरवाल्याची. ढोलकीवाली. विषमज्वरवाली.

मी उभा राहिलो. मी म्हटलं, मामाजी, तुम्ही मला गाढवावर बसवा, मी बसतो. तोंडाला काजळ फासा, फासून घेतो. पण त्या माणसाच्या ढोलकीवर मी दोन पावलं चालणार नाही. ते म्हणाले, लोक नाचतीन तरी. मी म्हटलं, लोक मुंग्या चावल्यावरही नाचतात. ते म्हणाले, मंग पोरगी राह्यते अथीच. मी म्हटलं, राहू द्या. आतल्या बांगड्या एकदम गप्प झाल्या, आणि मी आत्ताच काय बोलून बसलो ते मला कळलं.

सासऱ्यांनाही ते फार पुढे गेल्यासारखं वाटलं असावं. ते म्हणाले, पह्यले डोळ्यानं पाहा, मंग बोला. आज शेवटचा खेळ हाय.

म्हणून दिवेलागणीला आम्ही सगळे तंबूत. पुरुष एका बाजूला, मध्ये कनातीचं कापड, पलीकडे बायका. बाहेर इंजिन असं धडधडत होतं की नायकाचं पहिलं प्रेम मला ऐकूच आलं नाही. त्याचं काही वाटलं नाही. मी माझ्या जागेची वाट पाहत होतो, आणि मनातून अजून पक्की खात्री होती की सासऱ्यांचीच काहीतरी चूक झाली आहे. त्यांना वरात आणि तिरडी यातला फरक कळला नसेल.

सिनेमात एक म्हातारा होता. सदा हसणारा, सगळ्यांची थट्टा करणारा. मरताना तो पोरांना सांगतो की रडायचं नाही, मला वाजवत न्या. आणि त्याची पोरं त्याला वाजवत नेतात. डफडं सुरू झालं. सनई आली. तीच. माझीच. सुरासूर, ठेक्याठेक्याने माझी. गुलाल उधळतायत, पोरं ओठ दाबून चालतायत, कोणी रडत नाही. वळणावर तिरडी खाली ठेवली. सगळं थांबलं. नुसतं डफडं. आणि मग ते लांबचं क्लॅरिनेट आलं. ते कोणाचं होतं ते मला तेव्हा कळलं. वाटेवर कोणीच मागे वळून पाहत नव्हतं ना, म्हणून म्हाताराच जाता जाता सगळ्यांकडे एकदा पाहून घेत होता.

अख्खा तंबू रडला. कनातीपलीकडे तर बायकांनी बांध फोडला. शेजारी सासरे उपरण्यात तोंड घालून बसले. मी मात्र असा संतापलो की माझ्या अंगाच्या उष्णतेने पुढच्या माणसाची टोपी वाळली असेल. कारण ते वाजवणं तिथे इतकं बसलं होतं, इतकं अंगाबरोबर बसलं होतं, की माझा घोडा, माझा नवरदेव, दारातली आई, सगळं एका झटक्यात खोटं पडलं. मी वर्षभर सजवलेलं घर त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला देऊन टाकलं. चांगलं करायचंच होतं तर इतकं चांगलं कशाला केलं? थोडं वाईट केलं असतं तर मला सासऱ्यांशी भांडता तरी आलं असतं. मी उठून उभा राहिलो आणि त्या संगीतकाराला, मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात, मला येत होत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या. बँडमास्तरकडून उर्दूतल्या शिकलो होतो, त्याही. लोक म्हणाले, बस बे खाली, म्हातारा जाऊन राह्यला.

सकाळी ओसरीवर पुन्हा तोच पाट, तोच अडकित्ता. सासरे हळू आवाजात म्हणाले, पाह्यलं ना? आता तरी ऐका. येत्या बाजारी परण्या काढू. हो म्हणालो तर आयुष्यभर त्या ढोलकीखाली राहायचं. नाही म्हणालो तर एकट्याने गाडी परत न्यायची.

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. लग्नाला सहा-सात महिने झाले होते, पण इतकं लांब वाक्य मी तिच्याकडून ऐकलं नव्हतं.

"बाबा, त्या ढोलकीवर मी नाई जात. त्या मानसाचं सारं पयतच असते. श्वास कुठी घ्याचा?"

सासऱ्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मी चटकन आतल्या दाराकडे वळलो. वरवटला ती स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेली असायची आणि मी ओसरीत तबकड्या लावायचो, तेव्हा भिंतीपलीकडे कोणी ऐकतं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

ती दारापर्यंत आली. पदर नीट डोक्यावर, नजर खाली, आवाज मात्र सरळ. "पुन्हा परण्या काढाचाच असन, तं तेच वाजवा. त्या म्हाताऱ्याले त्याच्या घरच्यांनी हासत नेलं. मलेबी हासतच नेलं होतं. अन् हे पटत नसन तं मी अथीच राह्यते, सांगून द्या तसं."

मुलगी सासरी पाठवणार नाही, हे सासरे मोठ्या तोऱ्यात बोलू शकत होते. मुलगीच जात नाही म्हणते, हे मात्र त्यांना पेलणारं नव्हतं. गल्ली काय म्हणेल, साडू काय म्हणेल, दाढ पडलेला भाऊ काय म्हणेल. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि अंगणाकडे पाहत म्हणाले, "बैल जुंपा म्हना. ऊन चढते."

परण्याबिरण्या काही निघाला नाही. सासूने शिदोरी दिली, ओटी भरली, आणि आमची गाडी वरवटच्या वाटेला लागली.

जळगाव मागे पडलं तसा माझा दाबून ठेवलेला संताप वर आला. मी सुरुवात केली. म्हटलं, बायको मिळाली म्हणून मी त्या माणसाला सोडणार नाही. त्याने आधी सांगायला नको होतं? तबकडीवर चार अक्षरं छापायला काय जात होतं, की बाबांनो हे मयताचं आहे, लग्नात वाजवू नका? हा माणूस चोर आहे, दगाबाज आहे, त्याचे हात-

"त्याले शिव्या देऊ नका," ती मागून म्हणाली.

मी म्हटलं, का? त्याच्यापायीच तर तू अडकली होतीस.

"अडकवलं बाबानं. त्यानं तं चांगलंच वाजवलं. तुमच्या साऱ्या तबकड्यांत मले तेवढी एकच बाजू आवडते. अजून एक शिवी दिली, तं मी अथीच उतरते."

मी वळून पाहिलं. धमकी नव्हती ती. एक पाय गाडीच्या बाहेर होता, हातात शिदोरीचं गाठोडं घट्ट धरलेलं होतं, आणि जळगाव अजून पायी परत जाण्याइतकं जवळ होतं. माझ्या जिभेवर एक शिवी पूर्ण तयार होऊन उभी होती, उर्दूतली, लांबलचक, मी वाटभर घोटून घोटून केलेली. ती मी गिळली. तिने पाय आत घेतला. वरवट येईपर्यंत मी बैलांशीसुद्धा बोललो नाही, आणि बैलांची काही चूक नसताना दोनदा त्यांच्या शेपट्या पिळल्या.